‘सहायक’, ‘दुय्यम’ की नुसतं ‘काम’? अच्युत पोतदारांच्या निमित्ताने

शब्दखूण

अच्युत पोतदार १८ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यात गेले. चाहत्यांनी सगळ्यात जास्त आठवण काढली ती ‘थ्री इडियट्स’ (२००९) मधल्या प्राध्यापकांची. वर्गात यंत्राची व्याख्या विचारणारे आणि पुढे वैतागून ‘अरे, कहना क्या चाहते हो?’ म्हणणारे. या भूमिकेसाठी मराठीत निदान पाच शब्द फिरताना दिसतात: सहाय्यक भूमिका, दुय्यम भूमिका, छोटी भूमिका, पाहुणा कलाकार आणि चरित्र अभिनेता. यांतला नेमका कुठला? शिवाय श्रद्धांजली की आदरांजली, आणि त्यांचं वय ९० लिहायचं की ९१? स्मृतिदिनाच्या टिपणात हे तिन्ही शब्द लागतात, म्हणून एकत्र विचारतो आहे.

मुद्रितशोधक

आधी लेखनाचं बघू. ‘सहाय्यक’ हे रूप सर्रास दिसतं, पण ते दोन शब्दांच्या सरमिसळीतून आलंय. सहाय म्हणजे सोबती, मदतनीस, आणि त्यावरून सहायक. भाववाचक नाम करताना पहिला स्वर वाढतो आणि शेवटी य येतो, जसं सुंदरचं सौंदर्य. तसं सहायचं साहाय्य. म्हणजे ‘सहायक’ लिहा किंवा ‘साहाय्य करणारा’ लिहा. पहिलं अक्षर ऱ्हस्व आणि पुढे जोडाक्षर असं अर्धं-अर्धं नको. सरकारी पदनामांत ‘सहायक आयुक्त’ असंच असतं.

याच मजकुरात नेहमी चुकणारे आणखी काही शब्द:

ज्येष्ठ. ‘जेष्ठ’ नाही. ज ला य जोडलेला हवा.

श्रद्धांजली. द चा पाय मोडून त्याला ध जोडायचा, म्हणजे ‘द्ध’. उलट क्रमाने टंकलं की ‘ध्द’ होतं. लहान टायपात फरक पटकन दिसत नाही, पण संगणकाला ही वेगळी अक्षरं आहेत. मग शोधात लेख सापडत नाही.

दुःखद. इथे विसर्ग हवा. बरेच जण कोलन टाकतात. दिसायला जवळपास सारखं असलं तरी ओळीच्या शेवटी शब्द तिथेच तुटतो, ‘दु:’ वर राहतं आणि ‘खद’ खाली जातं.

स्मृतिदिन, श्रद्धांजलिपर. स्मृती, श्रद्धांजली हे शब्द एकटे असताना शेवट दीर्घ, समासात पहिलं पद झाले की ऱ्हस्व. ‘स्मृतीदिन’ चूक.

तिसरी घंटा

आता अर्थाकडे. ‘सहायक अभिनेता’ हा मुळात पुरस्कारांच्या वर्गवारीतून आलेला शब्द आहे. फिल्मफेअरमध्ये हा विभाग १९५५ मध्ये सुरू झाला आणि पहिला पुरस्कार ‘बूट पॉलिश’मधल्या जॉन चाचांसाठी डेव्हिड यांना मिळाला. राष्ट्रीय पुरस्कारांत तो १९८४च्या चित्रपटांपासून आला. तिथले पहिले मानकरी ‘घरे बाइरे’चे व्हिक्टर बॅनर्जी. ही दोन्ही कामं आठवून बघा. जॉन चाचा हा त्या मुलांच्या गोष्टीचा आधार आहे आणि ‘घरे बाइरे’तला निखिलेश तर कथेच्या तीन टोकांपैकी एक. म्हणजे पुरस्काराच्या भाषेत ‘सहायक’ म्हणजे चित्रपटभर वावरणारी, नायकाच्या कथेला पुढे नेणारी भूमिका. पोतदारांच्या प्राध्यापकाला हा शब्द लावला की काम आहे त्याहून लांब वाटतं आणि त्याची खरी करामत झाकली जाते.

‘पाहुणा कलाकार’ही बसत नाही. पाहुणा म्हणजे आधीच प्रसिद्ध असलेला नट, जो क्षणभर येतो आणि तो आला म्हणूनच टाळी पडते. इथे उलट घडलं. बहुतेक प्रेक्षकांना चेहरा ओळखीचा होता, नाव माहीत नव्हतं.

‘दुय्यम’ मूळ फारसी शब्द, क्रमाने दुसरा. कचेरीत तो निर्मळ आहे, ‘दुय्यम निबंधक’ म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही. पण कलेच्या संदर्भात ‘दुय्यम’ म्हणजे कमी प्रतीचं असा वास त्याला चिकटला आहे. मृत्युलेखात तर तो नकोच.

ओवी

‘चरित्र अभिनेता’बद्दल माझी ठाम हरकत आहे. हिंदीत चरित्र म्हणजे कथेतलं पात्र, म्हणून तिथे हा शब्द चालतो. मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा. आपण ‘चरित्रपट’ कशाला म्हणतो? एखाद्याच्या आयुष्यावरच्या चित्रपटाला. त्या न्यायाने चरित्र अभिनेता म्हणजे चरित्रपटात काम करणारा, असा अर्थ नव्या वाचकाने लावला तर त्याची काय चूक? मराठीत पात्राला ‘व्यक्तिरेखा’ आहे, तोच शब्द घेऊन वाक्य फिरवावं: ‘वडील, शिक्षक, अधिकारी अशा व्यक्तिरेखा त्यांनी उभ्या केल्या.’

शब्दखूण

मग उरलं ‘छोटी भूमिका’. पण त्यातही किंचित कमीपणा येतो ना?

तिसरी घंटा

‘छोटी’ लांबी सांगते, प्रत नाही, म्हणून चालेल. ‘किरकोळ’ मात्र प्रतही सांगतो, तो टाळावा. पण नाटकवाल्यांचा शब्द याहून चांगला आहे: ‘काम’. ‘त्यांचं काम बघितलंस?’ यात मुख्य-दुय्यम काही नाही. पाच अंकांचं असो की एका प्रवेशाचं, ते काम. ‘एका प्रसंगाचं काम’ म्हटलं की लांबी कळते आणि मानही राहतो. मी तरी असंच लिहीन.

क्रियापदही जपून निवडावं. भूमिका करणे, रंगवणे, साकारणे, वठवणे हे सगळं आपलं. ‘भूमिका निभावली’ हे हिंदीवरून आलंय. ‘भूमिका बजावली’ हे नटासाठी विचित्र वाटतं. बजावतात ते कर्तव्य किंवा हुकूम, म्हणून ‘वाटाघाटीत महत्त्वाची भूमिका बजावली’ ठीक, पण रंगमंचावर आणि पडद्यावर नको.

‘वठवणे’ मला सगळ्यांत आवडतं. झाड वठतं तेव्हा ते वाळतं, तो अर्थ वेगळा. ठसा वठतो, सोंग वठतं, तेव्हा साच्यातली प्रत्येक रेघ उमटलेली असते. त्या प्रसंगात पोतदार नेमकं हे करतात. विद्यार्थी ‘पुस्तक’ हा साधा शब्द न वापरता त्याची लांबलचक व्याख्या म्हणत सुटतो: माहिती नोंदवणारी, विश्लेषण करणारी, सचित्र, बिनचित्र, पुठ्ठाबांधणीची, प्रस्तावना नि सूची असलेली वस्तू… पोतदार मध्ये तोंड घालत नाहीत. चेहऱ्यावर आधी ऐकण्याचा प्रयत्न, मग गोंधळ, मग वैताग, आणि त्यानंतर वाक्य. वैताग पहिल्याच क्षणी दाखवला असता तर वाक्य पडलं असतं.

गणिताची वही

वयाबद्दल. जन्म २२ ऑगस्ट १९३४, निधन १८ ऑगस्ट २०२५. आधी सालांची वजाबाकी: ९१. मग त्या वर्षीचा वाढदिवस होऊन गेला का ते बघायचं. नव्हता झाला, चार दिवस बाकी होते. म्हणून एक कमी: पूर्ण झालेली वर्षं ९०. चालू वर्ष मात्र ९१वं.

यावरून:
‘वयाच्या ९१व्या वर्षी निधन’ बरोबर.
‘ते ९० वर्षांचे होते’ बरोबर.
‘ते ९१ वर्षांचे होते’ चार दिवसांनी चूक.
‘वयाची ९१ वर्षे पूर्ण करून’ चूक.

मराठीत ‘-व्या वर्षी’ म्हणजे चालू वर्ष. हे विसरल्यामुळे एकच माणूस एका बातमीत ९०चा आणि दुसऱ्या बातमीत ९१चा होतो आणि लोक एकमेकांना दुरुस्त करत बसतात. आकड्याला प्रत्यय चिकटवून लिहा, ‘९१व्या’, मध्ये जागा नको. अक्षरी लिहायचं तर एक्क्याण्णव, क ला क जोडून आणि ण ला ण जोडून.

मुद्रितशोधक

वयाचा आणखी एक परिणाम शब्दांवर होतो. ‘अकाली निधन’, ‘अकाली एक्झिट’ हे नव्वदी पूर्ण केलेल्या माणसाबद्दल लिहू नये. सवयीने लिहिलं जातं. तसंच ‘काळाच्या पडद्याआड’. नटाच्या बाबतीत पडदा हा शब्द समर्पक वाटतो खरा, पण काळाच्या पडद्याआड जातात त्या विस्मरणात गेलेल्या गोष्टी. ज्याचं वाक्य रोज कुणी ना कुणी उच्चारतंय, त्याच्याबद्दल हे लिहिणं उलटं आहे.

‘कधीही न भरून येणारी पोकळी’ याबद्दल एवढंच, की ते कुणाबद्दलही लिहिता येतं. नाव बदललं तरी मजकूर तसाच राहतो. असं वाक्य सापडलं की काढावं आणि त्या जागी त्या माणसाचं एक काम लिहावं.

ओवी

श्रद्धांजली की आदरांजली? अंजली म्हणजे जुळवलेली ओंजळ, हे दोन्हीत समान. श्रद्धा आणि श्राद्ध हे एकाच घरातले शब्द, त्यामुळे श्रद्धांजलीला विधीचा, अंत्यसंस्काराचा स्पर्श आहे. निधनाच्या दिवसांत ती अगदी योग्य. आदरांजली कामाचा मान सांगते. वर्षानंतरच्या लेखाला मी तीच निवडीन. ओंजळीतली तिसरी ‘तिलांजली’. तीळ आणि पाणी मृताला देण्याच्या विधीतून आली आणि आता ‘कायमचं सोडून देणे’ एवढाच अर्थ उरला. ती भलत्या जागी पडू नये.

आणि क्रियापद: अंजली वाहतात किंवा अर्पण करतात. ‘श्रद्धांजली दिली’ कानाला खटकतं.

‘शोककळा पसरली’ला लोक हल्ली जुनाट म्हणतात, मला तो शब्द फार नेमका वाटतो. ही कळा म्हणजे वेदनेची कळ नाही. चेहऱ्यावरची छटा, जशी प्रेतकळा, अवकळा. एखादं गाव, नाट्यगृह, घर यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसतं तेव्हा शोककळा. ‘समाजमाध्यमांवर शोककळा पसरली’ मात्र जमत नाही. तिथे ‘चाहते हळहळले’ पुरे.

शब्दखूण

‘गेले’ हे शीर्षकात चालेल का? की ‘निधन’च हवं?

मुद्रितशोधक

बातमीच्या मजकुरात ‘निधन’. शीर्षकात ‘अच्युत पोतदार गेले’ चालतं आणि जवळचंही वाटतं. ‘वारले’ घरातल्या बोलण्यात ठीक, छापील मजकुरात कमी. ‘दुःखद निधन’मधला ‘दुःखद’ गाळला तरी काही कमी होत नाही. नावामागे ‘कै.’ लावायचं की ‘दिवंगत’ हा ज्याच्या-त्याच्या शैलीचा भाग, पण एका लेखात एकच ठेवा. आणि आदरार्थी अनेकवचन शेवटपर्यंत पाळा: ‘ज्येष्ठ अभिनेते’ असं सुरू करून पुढे ‘तो उत्तम नट होता’ नको.

तिसरी घंटा

मराठी घरांतून ‘आप्पा गेले’ असेही उद्गार निघाले, ते ‘माझा होशील ना’ या मालिकेतल्या त्यांच्या आप्पांमुळे. नटाला पात्राच्या नावाने हाक मारणं हा त्या कामाचा मोठाच मान. पण परक्या वाचकासाठी पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्या, ‘आप्पा’ नंतर.

एका वाक्यात अडकवू नका त्यांना, ही मात्र कळकळीची विनंती. आधी रीवा इथे प्राध्यापक, मग लष्करात कॅप्टन, १९६७ मध्ये तिथून निवृत्त, पुढे इंडियन ऑइलमध्ये जवळपास २५ वर्षं आणि १९९२ मध्ये, ५८व्या वर्षी, तिथून निवृत्त. नोकरी सांभाळून ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’, ‘तेजाब’, ‘परिंदा’. एकूण १२५हून जास्त चित्रपट. टिपणात निदान तीन कामांची नावं यावीत. आणि ‘निवृत्त’ दोनदा येणार असेल तर कशातून ते दोन्ही वेळा लिहा, नाहीतर वाचक गोंधळतो. हुद्द्याबरोबर ‘निवृत्त कॅप्टन’ नीट वाटतं. ‘माजी’ हा शब्द पदासाठी ठेवावा, जसं माजी मंत्री, माजी अध्यक्ष.

ओवी

त्या वाक्याला काय म्हणायचं? ‘परवलीचं वाक्य’ असं लिहिलेलं दिसतं. परवल म्हणजे पहारेकऱ्याने विचारायचा सांकेतिक शब्द. तो ठाऊक असेल त्यालाच आत सोडायचं. आता ‘सर्वांच्या तोंडी असलेलं’ असा सैल अर्थ झाला आहे. ‘पालुपद’ म्हणावं तर ते पुन्हा पुन्हा यायला हवं, आणि चित्रपटात ते तसं घोळवलेलं नाही. पालुपद केलं ते नंतर प्रेक्षकांनी. म्हणून साधं ‘लोकांच्या तोंडी बसलेलं वाक्य’ बरं.

शब्दखूण

मसुदा असा केला आहे:

‘ज्येष्ठ अभिनेते अच्युत पोतदार यांचे १८ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यात, वयाच्या ९१व्या वर्षी निधन झाले. लष्कर आणि इंडियन ऑइलमधील सेवेबरोबरच अभिनयाची वाट चालत त्यांनी “आक्रोश”, “अर्धसत्य”, “परिंदा” अशा चित्रपटांत कामे केली. “थ्री इडियट्स”मधील प्राध्यापकाचे एका प्रसंगाचे काम त्यांनी असे वठवले, की “तुला म्हणायचे काय आहे?” हे त्यांचे वाक्य लोकांच्या तोंडी बसले.’

मुद्रितशोधक

दोन दुरुस्त्या. लष्करातून ते १९६७ मध्येच निवृत्त झाले, चित्रपट नंतरचे. ‘सेवेबरोबरच’मुळे दोन्ही एकाच वेळी चाललं होतं असं वाटतं. ‘लष्करातील सेवेनंतर इंडियन ऑइलमधील नोकरी सांभाळत’ करा.

दुसरं, संवाद मराठीत आणू नका. लोकांच्या तोंडी बसलं ते हिंदी वाक्य, तेच अवतरणात द्या, ‘अरे’सकट. ‘अरे’नंतर स्वल्पविराम आणि शेवटी प्रश्नचिन्ह. उद्गारचिन्ह नको, पोतदारांनी ते प्रश्न म्हणूनच विचारलंय.