बेकेट यांचे चरित्र : पुढे वाचावे का?

प्रश्न (सांगली) : जेम्स नोल्सन यांनी लिहिलेले नाटककार सॅम्युएल बेकेट यांचे १९९६ सालचे जाडजूड चरित्र निम्मे वाचून झाले आहे. १९६९ चे नोबेल पारितोषिक स्वीकारायलाही जे स्वतः गेले नाहीत, त्यांची पत्रे, दुखणी आणि नातीगोती आपण अशी चवीने वाचावीत, हे मनाला पटत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर १ (मिरज) : अवश्य वाचा. या चरित्राला बेकेट यांनीच संमती दिली होती आणि अखेरच्या काळात ते चरित्रकाराशी बोललेही होते. युद्धकाळाचा भाग मात्र सावकाश वाचावा. पॅरिसमधील त्यांचा नाझीविरोधी प्रतिकार गट फुटल्यावर ते दक्षिण फ्रान्समधील रूसियों या खेड्यात दडून राहिले, तिथे शेतात राबले. त्यांच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकाच्या फ्रेंच संहितेत त्या गावाचे नाव भेटते, तेव्हा गोदोसाठी थांबलेल्या त्या दोन भटक्यांचे वाट पाहणे नुसते तात्त्विक उरत नाही.

उत्तर २ (सातारा) : संमतीचा मुद्दा मान्य, परंतु असे चरित्र हाताशी असले की प्रत्येक संवादामागे खरा प्रसंग हुडकण्याची खोड लागते. १९५३ च्या पहिल्या प्रयोगाला आलेल्या प्रेक्षकांना यातले काय ठाऊक होते? (नाट्यपंढरीतल्या माणसाला हे मी काय सांगावे!) आधी नाटक पुन्हा वाचा, मग उरलेले चरित्र.