मदत हवी आहे: विज्ञानाची बातमी वाचल्यावर त्यामागचा मूळ रिसर्च पेपर कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी, मी बीएस्सीला आहे, शाळेपासून विज्ञानाच्या बातम्या रोज वाचते आणि खरं तर त्यांच्यामुळेच सायन्स घेतलं, पण आता एक गोष्ट सारखी खटकते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रोसेस्ड मीट खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. मी घाबरलेच! मग वहीत मांडून बघितलं, समजा १०० पैकी ५ जणांना होत असेल तर ५ चे १८ टक्के म्हणजे ०.९, म्हणजे ५ चे जेमतेम ६ होतात. आकडा तोच, पण चित्र केवढं बदललं.

तसंच २०११ चं न्यूट्रिनो प्रकरण, हे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचले म्हणून केवढा गाजावाजा, आणि शेवटी मोजमापाच्या यंत्रणेत निघाली नीट न बसलेली फायबर केबल. शास्त्रज्ञांनी तर आधीच सांगितलं होतं की आमचं मोजमाप तपासा.

म्हणून आता मूळ पेपर उघडते, पण अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या (सुरुवातीच्या सारांशाच्या) पुढे गाडी जात नाही. तुम्ही आधी काय बघता, मेथड्स की आलेख? आणि पी-व्हॅल्यू कुणी सोप्या भाषेत समजावेल का प्लीज?