पुडीआधी ढेप बघा

दादा, २८ दिवसांवर डुकराच्या पिलांचं दूध तोडलं आणि चौथ्या दिवशी ती पातळ हगायला लागली. आता खाद्यात झिंक ऑक्साइड टाकू की प्रोबायोटिक (पोटाला चांगल्या जंतूंची पुडी), असं विचारलंत. मी म्हणेन, आधी खाद्यातली सोयाबीन ढेप कमी करा. या वयात पोटात आम्ल पुरेसं बनत नाही. त्यात पिलू दोन दिवस धड खात नाही, की आतड्याच्या आतले बारीक अंकुर आखूड होतात. न पचलेलं प्रथिन पुढे जाऊन कुजतं, मग ई. कोलाय या हगवणीच्या जंतूची चंगळच! मी ढेप घटवून थोडं फिशमील (सुक्या माशांचा भुगा) आणि सायट्रिक ॲसिड देतो, पहिला आठवडा खाद्य भिजवून, थोडं थोडं.

झिंक टनभर खाद्याला अडीच किलोच्या आसपास टाकलं तर काम करतं, खोटं नाही. पण बरंचसं विष्ठेतून जमिनीत उतरतं, म्हणून युरोपने २०२२ मध्ये ती मात्रा बंद केली. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर आपल्याकडेच २०१९ पासून अशा जनावरांसाठी बंदी आहे.

आणि नागपूरची डिसेंबरातली पहाट विसरू नका. पिलं एकमेकांवर चढून झोपलेली दिसली तर कुठलीच पुडी कामाची नाही; तणस अंथरा, बल्ब लावा. डोळे खोल गेले असतील तर ओआरएस पाजा आणि ताज्या विष्ठेचा नमुना घेऊन सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात जा.