मदत हवी आहे: 1780 चं चांदीचं नाणं, अर्जंट!

प्राजू_ठाणे: सासऱ्यांच्या आजोबांच्या पेटीत निघालं. पुढे जाडसर बाई, मागे दोन तोंडांचा गरुड. सासरे उद्या सकाळी सराफाकडे मोडायला नेतायत. कितीला जाईल? गूगल करून झालंय, ते सांगू नका.

खडूस_काका: फोटो? वजन? आम्ही काय कुडमुडे जोशी आहोत?

नाणेवेडा: ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेझा, तिचा थालर (चांदीचं नाणं) आहे. बाई 1780 लाच वारली, पण तेच साल घालून व्हिएन्नाची टांकसाळ अजूनही पाडते, तेव्हा सालावर जाऊ नका. अरबस्तानात, इथिओपियात लोकांना हेच नाणं लागायचं. वजन 28.07 ग्रॅम हवं, चांदी हजारात 833 भाग.

प्राजू_ठाणे: किचनच्या काट्यावर 31 भरलं.

खडूस_काका: खोटं. विषय संपला.

नाणेवेडा: काका, दमानं. प्राजूताई, जाडीवर उठावाची अक्षरं आहेत का? लॅटिनमध्ये 'न्याय आणि दया' असं असतं. ओतीव नकलेत ती बहुधा बुजलेली असतात. बाईच्या खांद्याखाली एस. एफ. ही अक्षरं दिसतायत?

सुगरण_माई: चिंच लावून घासा, मग सगळं दिसेल. माझ्या समया बघा येऊन.

नाणेवेडा: माई, नका हो! घासलेलं नाणं संग्राहक हातात धरत नाही.

सुगरण_माई: मग काळंकुट्ट ठेवायचं का घरात?

प्राजू_ठाणे: अक्षरं आहेत, एस. एफ. पण आहे. वर डाख देऊन कडी बसवलीय, ते राहिलंच सांगायचं. आजेसासूबाई गळ्यात घालायच्या. आजोबा अरबस्तानातल्या एडनला नोकरीला होते.

खडूस_काका: हे आधी सांगायला काय झालं होतं? तीन ग्रॅम कडीचेच.

दर्यावर्दी: एडन 1937 पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानातच होतं, तिथे हाच थालर चालायचा. 1935 मध्ये मुसोलिनीने त्याचे साचे रोमला नेले, मग लंडन, पॅरिस सगळेच पाडायला लागले. 1940-41 मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडलेत. 'डॉलर' हा शब्दही थालरवरूनच आला.

एनआरआय_बंड्या: डॉलरवरून आठवलं, आत्ता पैसे पाठवू की थांबू?

नाणेवेडा: नवा धागा काढ रे. ताई, डाखामुळे संग्राहकाचा भाव गेला. शुद्ध चांदी 23.4 ग्रॅम धरा, त्यातून सराफ घट कापणार. एवढ्यासाठी मोडू नका.

प्राजू_ठाणे: सासऱ्यांना वाचून दाखवलं. तूर्त नेत नाहीयेत. पण मुंबईचं आहे का ते विचारतायत. फोटो चढत नाहीये.

सुगरण_माई: नुसती कडी चिंचेने घासली तर चालेल ना?