प्रिमाव्हेरा १९२५च्या प्रदर्शनाआधीची
'१९२५चं पॅरिसचं सजावटी कलांचं प्रदर्शन गाजलं म्हणून तिथल्या मोठ्या दुकानांनी सजावटीच्या कार्यशाळा काढल्या' असं म्हणणं म्हणजे नेमकं उलटं आहे. प्रँताँ या पॅरिसमधल्या दुकानाची प्रिमाव्हेरा ही कार्यशाळा १९१२ सालचीच. रने गिलेरे यांचा पुढाकार, आणि कलेची बाजू पत्नी शार्लोत शोशे-गिलेरे यांच्याकडे. गालरी लाफायेत या दुकानाची 'ला मेत्रीज' आणि बाँ मार्शे या दुकानाची 'पोमोन' १९२०च्या दशकात मागून आल्या. प्रदर्शनात तिघींचेही स्वतंत्र मंडप होते.

आणि प्रिमाव्हेरा नुसते वस्तूंचे आराखडे काढून देत नव्हती. फ्रान्समधल्या तूर शहराजवळच्या सेंत-रादगोंदला तिचा स्वतःचा मातीकामाचा कारखाना होता. जुन्या बाजारात तिच्या फुलदाण्या दिसल्या तर उलटून तळ बघा, बऱ्याचदा तिथे 'प्रिमाव्हेरा' लिहिलेलं असतं.