डीबगएफएसमधील जीपीआयओची यादी वाचताच बोर्ड रीसेट होतो

प्रश्न:
एका एआरएम चिपसाठी लिनक्सचा पिनकंट्रोल ड्रायव्हर (चिपच्या पिनांची कामे ठरवणारा) लिहीत आहे. डीबगएफएस या कर्नेलची अंतर्गत माहिती दाखवणाऱ्या फाइलप्रणालीतील जीपीआयओ (सामान्य वापराच्या पिना) फाइल उघडली की कोणताही संदेश न देता बोर्ड रीसेट होतो. काही पिना सुरक्षित फर्मवेअरने स्वतःकडे राखून ठेवल्या आहेत, हे ठाऊक आहे. परंतु मी त्यांवर काही लिहीत नाही, केवळ रजिस्टर (पिनेची स्थिती ठेवणारी हार्डवेअरमधील जागा) वाचतो. तेवढ्याने असे का व्हावे? आणि अशा पिना यादीत दाखवाव्यात की वगळाव्यात?

उत्तर १:
वाचन निरुपद्रवी असते, हे गृहीतक येथे टिकत नाही. ट्रस्टझोन (एआरएममधील सुरक्षित आणि असुरक्षित बाजूंची विभागणी) वापरणाऱ्या चिपमध्ये बसवरील संरक्षक हार्डवेअर विनंती कोणत्या बाजूने आली हे तपासते आणि ती असुरक्षित बाजूची असल्यास वाचनही नाकारू शकते; त्यानंतर कधी कर्नेलला बस एरर मिळते, तर कधी फर्मवेअर थेट रीसेट करते, आणि मग लॉगमध्ये काहीच उरत नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नेलला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनात) ‘जीपीआयओ-रिझर्व्हड-रेंजेस’ हा गुणधर्म द्या. त्यात पहिल्या पिनेचा क्रमांक आणि पिनांची संख्या अशा जोड्या असतात; ० आणि ४ ही जोडी म्हणजे ० ते ३ या पिना. जीपीआयओलिब (कर्नेलचा जीपीआयओ हाताळणारा भाग) त्यावरून वैध पिनांचा मास्क, म्हणजे कोणत्या पिना वापरता येतात याची नोंद, तयार करते. मात्र यादी छापणारे फंक्शन तुमच्या ड्रायव्हरचे असेल, तर रजिस्टर वाचण्याआधी ‘जीपीआयओचिप_लाइन_इज_व्हॅलिड’ला विचारणे तुमच्याकडेच येते.

उत्तर २:
पिना निमूटपणे वगळण्यापेक्षा क्रमांकापुढे ‘संरक्षित’ असे छापावे, असे माझे मत आहे. मधले क्रमांक गायब दिसले की वाचणारा ड्रायव्हरच्या टेबलातील चूक शोधत बसतो. वगळायचेच ठरवले, तर नवी ओळ छापणारे विधानही तपासणीच्या मागे ठेवा, नाहीतर रिकाम्या ओळी येतील. मोड किंवा पुलअपच्या (पिनेची पातळी वर धरणाऱ्या रोधाच्या) जागी शून्य मात्र छापू नये, कारण शून्य हे रजिस्टरमधील खरे मूल्यही असू शकते.

प्रश्नकर्ता:
तपासणी घातल्यावर ही फाइल नीट वाचता येते. ‘पिनकॉन्फ-पिन्स’ ही डीबगएफएसमधील पिनांचे कॉन्फिगरेशन दाखवणारी फाइल वाचल्यावर मात्र अजूनही रीसेट होतो.

उत्तर १:
ती फाइल पिनकंट्रोलच्या मार्गाने, तुमच्या कॉन्फिगरेशन वाचणाऱ्या फंक्शनमधून रजिस्टरपर्यंत पोहोचते. तुमची तपासणी त्या वाटेवर नाही. तेथेही मास्क पाहून अवैध पिनेसाठी ‘-ईइन्व्हॅल’ (अवैध मूल्याचा त्रुटी-कोड) परत करा. पिन मागणाऱ्या रिक्वेस्ट फंक्शनमध्येही तेच करावे, म्हणजे दुसरा एखादा ड्रायव्हर ती पिन चुकून ताब्यात घेऊ शकणार नाही.