शाईपेन का गळायचं
आमच्या शाळेच्या दिवसांतली शाईपेनं स्वस्तातली म्हणून गळायची, असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई निम्म्याखाली गेली की आत हवाच जास्त उरते. हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला निबेकडे ढकलते. म्हणून तर गळती नेमकी पेपरच्या तिसऱ्या तासाला! आमच्या बाई बजावायच्या, पेन काठोकाठ भरून या. त्यामागचं कारण तेव्हा कुणी विचारलं नाही. गळू नये म्हणून पेनाच्या आट्यांना मेणबत्ती घासायची, सांडलेली शाई खडूने टिपायची, हे उद्योग होतेच. (खिशावरचा डाग मात्र आईच्या बोलण्यानेही जात नसे.)

माझं एक शाईपेन अजून शाबूत होतं. परवा भाचीने हौसेने मागितलं आणि बॉलपेनसारखं दाबून लिहिलं. निबेचे दोन्ही पाय फाकले.